वातुरेजोला तीन तास

"वातुरेजो? तिथं आहे तरी काय, बाबा?" लारासने फोन वडिलांसमोर धरला. "नकाशावर नुसता ठिपका दिसतोय."

"गाडी थांबते," सुकिर्नो म्हणाला.

गाडी तर काय, कुठंही थांबते, असं तिच्या चौदा वर्षांच्या भावाचं, बायूचं म्हणणं पडलं. बांडुंगहून सुराबायाला जायचं, लारासला जहाजांची इंजिनं शिकवणाऱ्या कॉलेजात पोचवायचं आणि वाटेत एका ठिकाणी तीन तास उतरायचं, असा बेत होता. ठिकाण मुलांनी निवडायचं, हा शब्दही सुकिर्नोनेच दिला होता. मुलांनी योग्याकार्ता निवडलं, आणि आता मोडता घालत होता तोही हाच. एरवी हा माणूस कशात मत देईल तर शपथ. वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवणारा शिंपी, गिऱ्हाईक म्हणेल तेवढी बाही ठेवणारा. त्याच्या हट्टाचं मुलांना नवलच वाटलं. त्याची बायको वार्सिनी मात्र खाली मान घालून भाजी निवडत राहिली. तिला कारण ठाऊक होतं.

सतरा वर्षांपूर्वी बाळंतपणासाठी सुराबायाला माहेरी निघालेल्या वार्सिनीला गाडीतच कळा आल्या होत्या. वातुरेजोच्या स्टेशनमास्तरांच्या खोलीत लारास जन्मली, एवढं मुलांनाही माहीत होतं. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंड. बापाने ती स्वतःच्या हाताने धुऊन, मडक्यात ठेवून घराच्या दाराशी पुरायची आणि महिनाभर तिथं दिवा लावायचा. सुकिर्नोने ती गडबडीत स्टेशनच्या दाराशी पुरली, एक रात्र दिवा लावला आणि बायको-मुलीला घेऊन निघून आला. नऊ वर्षांची लारास एकटीच बसमध्ये बसून शेजारच्या शहरात पोचली, तेव्हा वार्सिनी म्हणाली होती, "स्टेशनच्या दारात पुरलंत, आता हिचा पाय घरात ठरतोय होय!" ती बोलून विसरली. सुकिर्नोच्या मनातून ते काही गेलं नाही. आता तर पोरगी दर्यावर निघाली होती. हे आपल्या हातून झालं की काय, एवढंच त्याला ती जायच्या आत तिच्याशी बोलायचं होतं, आणि बोलायला जीभ रेटत नव्हती.

शेवटी लारासनेच निकाल दिला. बाबा जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागतायत, तिथं काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणाली. बायू रुसला, पण एकटा पडला.

वातुरेजोला उतरले तर सुकिर्नो गांगरलाच. जुनी बैठी इमारत कुठं दिसेना. झाडणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्यांनी झाडूनेच दाखवलं. दुसरा रूळ टाकला तेव्हा जुनं ऑफिस पाडलं, दार होतं तिथं आता दोन नंबरची लाइन. पिवळ्या रेघेपलीकडे नुसती खडी होती.

सुकिर्नो तिथंच उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. लारास शेजारी बसून प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. किती खोल खणलं? मडकं कुणी दिलं? सोबत काय ठेवलंत?

"मीठ, फुलं. सुई माझ्या खिशात असायचीच."

"आणि कागद? लिहिलेला कागद ठेवतात ना, पोर शिकावं म्हणून?"

वार्सिनीही आता सुकिर्नोकडे बघू लागली.

"कागद नव्हता गं. खिशात गाडीचं तिकीट होतं. सुराबायाचं. तेच ठेवलं."

वार्सिनीने कपाळाला हात लावला. सतरा वर्षांत हे तिलाही कळलं नव्हतं.

लारास आधी हसली. मग म्हणाली, "म्हणजे माझं तिकीट तुम्हीच काढून ठेवलंत, बाबा. आणि मी समजत होते, तुम्हाला मी जाणं पसंत नाही."

"पसंत कुठंय," सुकिर्नो म्हणाला. "पण जा."

बोलून गेला, आणि ती जाणार हे आता पक्कं झालं. छातीवरचं ओझंही उतरलं होतं, ते वेगळं. लारासने डोळे पुसले, पिवळ्या रेघेपाशी उभी राहून फोन काढला आणि त्या खडीचा फोटो घेतला.

"यात आहे काय?" बायूने मान वाकडी करून विचारलं. "कुणी विचारलं तर काय सांगणार?"

"माझं गाव म्हणून सांगेन," लारास म्हणाली.

सुकिर्नोने पाठ फिरवली आणि गाडीला अजून दोन तास होते तरी पिशव्या उचलून उभा राहिला.