हरवलं नव्हतं, टाकलं होतं

मित्रांनो, मी नायलॉनचं जुनं जाळं आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. ऐकून तुम्हालाही आला, तर येऊ द्या.

माझी डागडुजी बोटमालकाच्या वहिनी करायच्या. शेडच्या दारात बसून, लाल दोऱ्याने, दुहेरी गाठ मारून. त्यांची मुलगी तिथेच रांगायची, म्हणून दोऱ्याचा बोटभर तुकडाही त्या खाली राहू देत नसत. "गळ्याभोवती गेला म्हणजे?"

दीर हसायचा. "वहिनी, तुम्हाला पेल्यातल्या पाण्याचीही धास्ती."

मी भरून आलं की त्याच दिराला माझं कोण कौतुक! मग एका दुपारी मी खडकात अडकलं. खुणेला तरंगता डबा बांधून दुसऱ्या दिवशी मला सोडवता आलं असतं. पण त्याला जेवायला घरी पोचायचं होतं. त्याने सुरी काढून मला कापलं आणि घरी सांगितलं, "जाळं हरवलं."

हरवलं? मी काय हातरुमाल आहे?

लाटांनी मला खडकावरून ओढून नेलं. नायलॉन कुजत नाही, आणि पकडणं मला थांबवता येत नाही. मासे अडकून मेले. ते खायला कासवीण आली, तीही अडकली. श्वासासाठी तिला वर यावंच लागतं. मला ओढत ती वर यायची, कशीबशी एक श्वास घ्यायची आणि माझ्या वजनाने पुन्हा खाली जायची. एवढा मोठा देवमासा, तोसुद्धा असल्याच सोडून दिलेल्या दोरांत गुदमरतो.

वाहत वाहत आम्ही किनाऱ्याला लागलो. वहिनी कात्री घेऊन धावल्या. लाल गाठ दिसली आणि त्यांचा हात थांबला.

"भावोजी, हे आपलंच जाळं."

"बघा, हरवलेलं सापडलं की."

"हरवलं नव्हतं. टाकलंत तुम्ही. हिचा गळा बघा."

त्याने पाहिलं. मग कासविणीला धरून ठेवलं, आणि वहिनींनी एकेक वेढा कापला. पुढचा एक पाय लोंबकळत होता. तशीच ती फरफटत पाण्यात गेली.

आता मी शेडच्या भिंतीवर टांगलेलं असतं. कोणी "हरवलं" म्हणालं, की वहिनी हातातलं काम खाली ठेवतात. "कुठे टाकलंत? डबा बांधलात का? मग चला, काढून आणा."

मित्रांनो, तुम्हीही विचारा. समोरच्याला लाज वाटेपर्यंत विचारा. फक्त उशीर करू नका. पाण्याखाली कोणीतरी श्वास धरून आहे.