ट्रायलला मालक शेजारी

लालासाहेबांच्या पिकअपच्या खाली मागच्या चाकापाशी घुसलो आणि तोंडच फिरवलं. चाकावर गुटख्याच्या पिचकाऱ्यांचा थर, त्यावरून ओघळलेलं तेल, आणि गळणाऱ्या ब्रेकपाइपवर करकचून बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तर फोडणीचा वास! ऑइल कमी पडलं म्हणून कुणा महाभागानं शेंगतेल ओतलं होतं. तोबा! अशानं आतली रबरं फुगून निकामी होतात.

"ह्ये कुनी केलं रं?" मी ड्रायव्हर आकारामला विचारलं. त्यानं मान खाली घातली आणि मागं उभ्या असलेल्या मालकाच्या एसी गाडीकडं बोट केलं.

पिकअपच्या हौद्यात बयाबाई आणि तिच्या टोळीतल्या बाया भाकरीची गठुडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इस्लामपूरकडं हळद काढायला निघालेल्या. वरच्या वाडीपासून पाटणातल्या माझ्या गॅरेजपर्यंतचा अख्खा घाट त्या याच गाडीतून उतरून आल्या होत्या. चढताना गाडीच्या पाया पडतात बिचाऱ्या. चाकाच्या वरच्या पत्र्याला कुंकूही त्यांनीच लावलेलं.

लालासाहेब एसी गाडीतून उतरले. "वसीम, नवी पट्टी आवळ आन् सोड गाडी. उशीर हुतोय."

"पट्टीनं भागत न्हाई. पाइप नवा लागंल, रबरंबी. दुपार हुईल."

"लय शानपना नगं. धकतंय म्हनलं की धकतंय."

माझं डोकं फिरलं. काचेवर 'आईचा आशीर्वाद', टपावर रंगीत दिवे, गाण्यांना केवढाले स्पीकर, आणि ब्रेकला ट्यूबची पट्टी. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"बरं, बांदतो पट्टी," मी म्हणालो. "पन माज्या गॅरेजची रीत तुमास्नी ठावं हाय. ब्रेकचं काम झालं की ट्रायलला मालक शेजारी बसनार. शाळंचा उतार उतरून येऊ, चला."

"मी? मी कशाला?" लालासाहेब दोन पावलं मागं सरकले. घसा खाकरला. "नवाच टाक पाइप. बायकांच्या जिवाशी ख्योळ नगं."

किळस आली मला त्या माणसाची. धकत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

बयाबाई सगळं ऐकत होती. ती खाली उतरली. तिच्यामागं सगळ्या उतरल्या.

पाइप बदलला, रबरं बदलली, शेंगतेल काढून नवं ऑइल भरलं. आकाराम ब्रेकचं पेडल दाबत राहिला, मी चाकापाशी बसून पाइपातली हवा काढत राहिलो. दुपारी पेडल टणक लागलं तसे लालासाहेब ओरडले, "चला गं, बसा पटापटा!"

कुणी हललं नाही. बयाबाई चाकापाशी आली आणि पदराच्या टोकानं पत्र्यावरचं कुंकू पुसून टाकलं.

"आवं मालक, आजपातुर गाडीच्या पाया पडलो, आता न्हाई पडत. आदी तुमी बसा फुडं. उतार उतरून जित्तं आलासा, मंग आमी चढतो."

लालासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढचं दार उघडून धरलं.