शेततळ्याच्या काठावर

दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये प्रियदर्शनीच्या नावावर राज्याची सात सुवर्णपदकं होती आणि राष्ट्रीय स्पर्धेचं एक. आठव्या वर्षापासून ती अमरावतीत पोहत होती. वडील संघपाल पाटबंधारे खात्यात लिपिक. पहाटे पाचला ते तिला स्कूटरवरून तलावावर सोडायचे आणि ती बाहेर येईपर्यंत पायऱ्यांवर पेपर वाचत बसायचे. तिचे प्रशिक्षक गजेंद्र सर फारसं कौतुक करत नसत, पण नव्या मुलींना तिची सुरुवात मुद्दाम बघायला लावायचे. "भोंगा वाजला की बाकीच्या पोट्ट्या ऐकतात," ते म्हणायचे, "ही तोवर पाण्यात असते."

तेविसाव्या वर्षी, दिवाळीनंतर, ती चार दिवस अकोटजवळ मामाच्या गावी गेली. कापसाची वेचणी चालू होती. दुपारी मामीनं डबा दिला, तो घेऊन ती शेताकडे निघाली. वाटेत नत्थुजींचं शेत लागायचं. तुरीवर फवारणी करायची म्हणून साठीचे नत्थुजी आपल्या शेततळ्यातून दोर बांधलेल्या बादलीनं पाणी काढत होते. काठाचं काळं प्लास्टिक ओलं झालेलं. त्यांचा पाय घसरला आणि ते आत गेले.

तिनं ते पाहिलं. डबा टाकून ती धावली आणि सगळ्यांत आधी काठावर पोचली. मागून मामाच्या शेतात वेचणीला आलेली दुर्गाबाई ओरडत येत होती, "उडी मार, पोरी! तुले तं येते!"

प्रियदर्शनीनं चपला काढल्या. आणि ती उभी राहिली.

पाणी हिरवं होतं, तळ दिसत नव्हता. चारही बाजूंनी गुळगुळीत उतार, धरायला काहीच नाही. नत्थुजींचे हात पाणी झोडपत होते. हा माणूस आपल्याला धरून खाली नेईल, एवढाच विचार तिच्या डोक्यात आला आणि तिथंच अडकला. किती वेळ गेला, तिला सांगता आलं नसतं. हात बुडाले, वर आले, पुन्हा बुडाले.

दुर्गाबाई पन्नाशी ओलांडलेली. लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकलेली. तिनं ओटीतला कापूस तिथंच टाकला, काठावर राहिलेल्या बादलीचा दोर सोडून कमरेला गुंडाळला, दुसरं टोक मागून आलेल्या तिघी मजूर बायांच्या हाती दिलं आणि घसरत पाण्यात गेली. नत्थुजींच्या शर्टाची कॉलर तिच्या हाती लागली. बायांनी ओढलं. दोघं काठाजवळ आली तेव्हा कुठे प्रियदर्शनी कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि तिनं नत्थुजींचा दंड धरला.

नत्थुजींचा श्वास थांबला होता. पोहण्याच्या शिबिरात शिकवलं होतं तसं तिनं त्यांची छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. थोड्या वेळानं ते खोकले, ओकले. तोवर गावातून माणसं जमली होती आणि कोणीतरी मोबाइल धरला होता. त्या व्हिडिओत ओलीचिंब प्रियदर्शनी दिसत होती. बाजूला लुगडं पिळत बसलेली दुर्गाबाई दिसत नव्हती.

संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर पोचला. 'राष्ट्रीय जलतरणपटूची शेततळ्यात झेप.' दुसऱ्या दिवशी वार्ताहराचा फोन आला. "ताई, उडी मारताना मनात काय आलं?"

"काही नाही," ती म्हणाली. "नत्थुजी बरे आहेत, तेच महत्त्वाचं."

फोन ठेवल्यावर तिला कळलं, आपण खोटं एक अक्षरही बोललो नाही आणि तरी खोटं सांगितलं.

अमरावतीला परतल्यावर तिनं वडिलांना सांगून पाहिलं. "बाबा, मी उडी नाही मारली."

संघपाल हसले. "तुले आपली तारीफ कधी सहनच होत नाही." ते कात्रण चिकटवत होते. वडिलांचा चेहरा इतका फुललेला होता की तीही हसली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

आठवड्यानं अकोल्यात सत्कार झाला. दवाखान्यातून नुकतेच सुटलेले नत्थुजी काठी टेकत मंचावर आले. आपल्याला कोणी काढलं हे त्यांना आठवत नव्हतं. लोकांनी सांगितलं तेच त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. "पोरी, तू पाण्यात उतरली म्हणून मी आज उभा हाव." टाळ्या वाजत राहिल्या. आपल्या वडिलांपेक्षा मोठा माणूस हात जोडून उभा होता आणि प्रियदर्शनी मान खाली घालून उभी होती. किती नम्र पोरगी, असं कोणीतरी म्हणालेलं तिला ऐकू आलं.

मग एक दिवस मामाचा फोन आला. बोलता बोलता त्यानं सांगितलं की दुर्गाबाई आजकाल वेचणीला येत नाही. गिरणीवर तिनं सांगितलं होतं की नत्थुजींना आपण काढलं. लोक हसले. म्हातारी, पेपरवाल्यापेक्षा तुले जास्त समजते का, म्हणाले. दोर धरणाऱ्या तिघी मेळघाटातून मजुरीला आलेल्या. त्या ठरलेलं काम आटोपून परत गेल्या होत्या. मामा त्या वेळी शेतात नव्हता; साक्षीला दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्याच सकाळी प्रियदर्शनी अकोटच्या एसटीत बसली.

दुर्गाबाई दारात ज्वारी पाखडत होती. तिनं वर पाहिलं, पण बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.

"मावशी, मी माफी मागायला आली."

"कायची?"

"मी भ्याली होती."

सूप थांबलं. "भेव मलेबी वाटलं. त्याचा मले राग नाही. पण तू गप कावून बसली? इथं लोक मले खोटारडी म्हणून राहिले अन् तू तिकडे शाल पांघरून राहिली."

प्रियदर्शनीला रडू आलं. दुर्गाबाईनं ते संपेपर्यंत वाट पाहिली.

"मी काय करू, मावशी?"

"मले काय विचारते? काय झालं ते मले मालूम हाय. ज्याइनं टाळ्या वाजवल्या, त्याइले सांग."

पुढच्या रविवारी अमरावतीच्या तलावावर तिचा सत्कार ठरला होता. ती शिकली तोच तलाव, तीच माणसं. पुष्पगुच्छ हातात घ्यायच्या आधी तिनं माईक मागून घेतला.

"मी उडी मारली नव्हती," ती म्हणाली. "मी काठावर उभी होते. नत्थुजींना दुर्गाबाई इंगळे यांनी पाण्यात उतरून काढलं. मी नंतर फक्त श्वास दिला. हे मला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेत संघपाल जमिनीकडे पाहत बसले होते. गजेंद्र सरांनी तिच्या हातून माईक घेतला आणि चहा तयार आहे, असं सांगितलं.

घरी पोचल्यावर स्कूटर लावता लावता वडील म्हणाले, "मले सांगाचं होतं."

"सांगितलं होतं, बाबा."

"एकदा सांगितलं. मी हसलो, तं तूबी हसली." ते आत गेले. सकाळी पाचला त्यांनी नेहमीसारखी स्कूटर काढली, पण तिला तलावाच्या फाटकापाशी सोडून ते परत गेले.

पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. नत्थुजी नवं लुगडं घेऊन दुर्गाबाईच्या घरी गेले, तिनं ते ठेवून घेतलं, असं मामानं कळवलं. ती पुन्हा वेचणीला येऊ लागली होती. इंटरनेटवर लोकांनी प्रियदर्शनीला नाही नाही ते म्हटलं. पण जुना व्हिडिओ फिरतच होता, आणि दर चार दिवसांनी एखादा अनोळखी माणूस तिचं अभिनंदन करायचा. ती प्रत्येकाला उत्तर लिहायची.

फेब्रुवारीत राज्य स्पर्धा झाली. अंतिम फेरीआधी निवेदकानं एकेकीची ओळख करून दिली. तिची पाळी आली तेव्हा पदकं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आणि शेततळ्यात झेप घेऊन वृद्धाचे प्राण वाचवणारी आपली वाघीण!" शर्यतीत ती चौथी आली.

अंग न पुसताच ती निवेदकाच्या टेबलापाशी गेली. "ती शेवटची ओळ चुकीची आहे."

"जाऊ द्या ना ताई. कोणाला आठवतं आता?"

"तुम्हीच आत्ता माईकवर सांगितलं की."

त्यानं कागद पुढं सरकवला. तिनं ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: नत्थुजींना दुर्गाबाई देवमन इंगळे यांनी वाचवलं. हाताचं पाणी कागदावर पडून शाई थोडी पसरली.

निवेदकानं ते वाचलं. "ह्या कोणत्या क्लबच्या?"

"कोणत्याच नाही. अकोट तालुक्यात कापूस वेचतात."

दोन शर्यतींच्या मधल्या वेळात त्यानं ते घाईघाईत वाचून टाकलं. लोक वडापाव खात होते, कोणी मान वर केली नाही. खांद्यावर टॉवेल घेऊन प्रियदर्शनी तो वाचून संपवेपर्यंत टेबलाशी उभी राहिली.