सरकलेला लाल

त्या पावसाळ्यात हरेश्वरला एका जागी बसवत नव्हतं. गिरगावातल्या दगडी छापखान्यात तो चित्रं काढायचा. परळच्या एका नव्या गिरणीला कापडाच्या ताग्यांवर चिकटवायला तिकीट हवं होतं, होडीच्या चित्राचं. वाचता न येणारं गिऱ्हाईकही होडी बघून कापड ओळखेल, असं. हरेश्वरने दोन होड्या काढल्या आणि गिरणीच्या शेटनी दोन्ही परत पाठवल्या. होडी मेलेली दिसते, एवढाच निरोप. शनिवारी शेट स्वतः येणार होते. तिसरीही पसंत पडली नाही, तर काम विलायतेला जाणार होतं आणि हरेश्वर पुन्हा वाळू-पाण्याने छपाईचे दगड घासायला बसणार होता. त्या घासणीतून वर यायला त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

त्यात तो वरळीच्या कोळीवाड्यातला. ज्याच्या आज्या-पणज्यांनी दर्यावर जन्म काढला त्याला होडी काढता येऊ नये, हे घरात कुणाला पटत नव्हतं. बायको, गुणवंती, सुकटीची पाटी खाली ठेवून चित्राकडे बघत म्हणाली, "ही दर्यान कुठं हाय? फळीवर ठेवलीय हिला, लोणच्याच्या बरणीगत."

त्याला हसू आलं नाही, कारण तिचं खरं होतं.

बोरीबंदराजवळच्या नाटकगृहात तेव्हा हलत्या चित्रांचा खेळ नुकताच लागला होता. बुधवारी तो एकटाच गेला. अंधारात पांढऱ्या पडद्यावर लाट आली, फुटली, मागे गेली. लोक माना पुढे काढून बघत होते. हरेश्वर मात्र वळून वळून मागच्या, चित्रं दाखवणाऱ्या यंत्राकडे बघत होता. खेळ संपल्यावर यंत्राच्या पायाशी तुटलेल्या पट्टीचा बोटभर तुकडा पडलेला दिसला. तो त्याने मागून घेतला आणि दारातल्या उजेडात धरला. त्यात हलणारं काहीच नव्हतं. शिडीच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक तीच लाट, अगदी थिजलेली. फक्त दर चित्रात केसभर सरकलेली.

असं केसभर सरकलेलं आपण कुठे तरी पाहिलंय, हे त्याला वाटेवर छळत राहिलं. जेवताना आठवलं, तसा त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. गुणवंतीने कपाळाला हात लावला.

दगडी छपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. आधी काळ्या रेघा, मग त्याच कागदावर निळं पाणी, मग लाल शीड. कोपऱ्यातल्या खुणांवर कागद नेमका बसला, तर रंग रेघेच्या आत राहतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन ताणला जातो आणि रंग बाहेर सरकतात. असे कागद छापखान्याचे मुख्य, दगडू मेस्त्री, रद्दीत फेकत आणि फेकताना सगळ्यांचा उद्धार करत.

सकाळी हरेश्वरने ती रद्दी उपसली. आपल्याच होडीच्या बिघडलेल्या प्रती एकावर एक रचल्या आणि अंगठ्याने त्यांच्या कडा सोडत गेला. शीड इकडे झुकलं, तिकडे झुकलं. होडी डुलत होती.

पण ताग्यावर एकच कागद चिकटतो. तो कोण फडफडवणार? मग ते डुलणं एकाच चित्रात आणायला हवं होतं. तो काढायचा, उठून खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा. लाल शीड रेघेतून बाहेर ओढलं, तर ते फार गेलं. होडी ताडी प्यायल्यासारखी दिसू लागली. पुन्हा काढलं. या वेळी शीड केसभरच सरकवलं आणि होडीचं टोक पाण्यालगत पुन्हा एकदा, फिकट, जरा कललेलं काढलं.

पहिला छाप पाहून मेस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. "जे होऊ नये म्हणून मी जन्मभर डोळे फोडले, ते तू हाताने काढून ठेवलंस?"

"एकदा शेटना दाखवू द्या, मेस्त्री."

"दाखव की. आणि घासायचा दगड काढून ठेव."

शनिवारी शेट आले. छत्री कोपऱ्यात टेकवून त्यांनी कागद हातात घेतला. मग भिंतीवरची कललेली तसबीर सरळ करावी तसा त्यांनी कागद जरा डावीकडे वळवला. पाहिला. उजवीकडे वळवला. परत डावीकडे. मेस्त्री शेटच्या हाताकडे बघत राहिले.

"ही सरळ का राहत नाही?" शेटनी विचारलं.

हरेश्वर म्हणाला, "पाण्यात आहे, शेट."

शेटनी कागद आणखी एकदा वळवला आणि पहिला गठ्ठा कधी मिळेल ते विचारलं.

ते गेल्यावर मेस्त्रींनी छाप उचलून डोळ्यांजवळ धरला आणि परत टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आता प्रत्येक कागदावर लाल एवढाच सरकला पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. या असल्या हवेत. दोऱ्या बांध, कागद आधी सुकवून घेऊ."

हरेश्वर स्टुलावर चढून दोऱ्या बांधू लागला. वरून त्याला टेबलावरचा छाप दिसत होता. होडी झक्क डुलत होती, पण तिच्याखालचं निळं पाणी काचेसारखं थांबलेलं होतं. हातातली गाठ अर्धीच सोडून तो खाली उतरला.