घरातच तर आहे ती

"मुलाला हिचा फार लळा लागलाय हं, बाई. हिला पुढे कुठे जायचं असेल तर आत्तापासून थोडं थोडं सोडवा. एकदम तोडलंत तर दोघांचेही हाल होतील."

लसीकरणाच्या खोलीत नर्सने हे सांगितलं, तेव्हा सुई टोचलेला ठोंब्या आईच्या कडेवरून अंग काढून घेत आत्याकडे झेपावत होता. त्याची आई, घरातली वहिनी, हसली. "कुठे जातेय ती? आत्या आहे त्याची," म्हणाली आणि पुढच्या लसीची तारीख विचारून तिने लगेच मोबाईलवर गजर लावला. नर्सच्या बोलण्याला तिच्याकडे कुठलाच गजर नव्हता.

आत्याला घरात सगळे बारकी म्हणत. पदवी हातात आली तरी ती बारकीच. ठोंब्या जन्मला तेव्हा वहिनीच्या सासूबाईंनी, म्हणजे बारकीच्या आईनेच, तिला या शहरात पाठवलं, "दोन महिने जा, वहिनीला जरा आधार होईल." त्यांच्या घराण्यात असंच चालत आलं होतं. ज्याच्या घरी बाळ येईल तिथे नात्यातली बिनलग्नाची मुलगी बॅग भरून जायची, आणि परत कधी यायचं ते बाळ ठरवायचं. मुलीला कोणी विचारत नसे. याला कोणी राबवणं म्हणत नसे, प्रेम म्हणत. आणि प्रेम होतंही. म्हणून तर कोणाच्या काही लक्षात येत नव्हतं.

वहिनी जात्याच काळजीखोर. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचं तिचं काम. घरीसुद्धा वास घेतल्याशिवाय ती दुधाची बाटली भरत नसे. ठोंब्या झोपेत बराच वेळ हलला नाही की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची. पाळणाघराचं नाव काढलं की तिच्या डोळ्यांपुढे उघडे जिने, विजेची बटणं आणि अनोळखी हात यायचे. बारकी घरात आहे, या एका गोष्टीच्या जोरावर ती कामावर जाऊ शकत होती. दोन महिन्यांचे चार झाले, चाराचे आठ, ठोंब्याला दात आले, तो रांगला, उभा राहिला. वहिनीची नजर त्याच्या प्रत्येक ओरखड्यावर होती. बारकीचे डोळे कधीपासून खोल गेले होते ते मात्र तिला दिसलं नाही.

मग एका संध्याकाळी बारकीने लॅपटॉप उघडून तिच्यापुढे ठेवला.

युद्धामुळे, पुरामुळे ज्यांचं घर सुटलं अशा मुलांसाठी शाळा चालवणारी ती आंतरराष्ट्रीय संस्था होती. सहा महिन्यांची इंटर्नशिप, दुसऱ्या शहरात. कॉलेजात असल्यापासून बारकीच्या डोक्यात तेच होतं. पण पदवीला वर्ष उलटलं की अर्ज करता येत नसे, आणि बारकीचं वर्ष संपत आलं होतं. म्हणजे एवढी एकच संधी.

"वहिनी, इथे काय लिहू? पदवीनंतर काय केलंत, असं विचारलंय."

"काहीतरी लिही गं. रिकामं दिसायला नको."

"रिकामं?" खांद्यावरच्या ठोंब्याला थोपटत बारकी म्हणाली. "मला आंघोळीला धड दार लावता येत नाही, आणि माझं वर्ष रिकामं!"

दोघी खळखळून हसल्या. शेवटी वहिनीच्या सांगण्यावरून तिने 'घरगुती कारण' असं लिहिलं. बाकी अर्ज वहिनीने मन लावून तपासला. चुका काढल्या, दोन वाक्यं सुधारली आणि अभिमानाने म्हणाली, "घेतील बघ तुला." ते ती मनापासून बोलली होती.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत व्हिडिओवर होती. "त्या दिवशी मी रजा टाकते," वहिनी म्हणाली, "तू दार लाव आणि निवांत बोल. माझा निळा शर्ट घाल, तुला शोभतो."

त्या सकाळी बारकी निळा शर्ट घालून आरशासमोर उत्तरं घोकत असतानाच वहिनीला प्रयोगशाळेतून फोन आला. बाहेरून तपासणीला येणारी माणसं ठरल्या तारखेआधीच येऊन थडकली होती.

"बारके, रागावू नकोस ना," वहिनी एका हाताने चपला शोधत म्हणाली. "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. आणि त्या वेळी तो झोपतोच."

"नवा दात येतोय त्याला. काल झोपला होता का?"

"झोपेल गं आज. आणि तू काय, घरातच तर आहेस."

दाराकडे जाताना ती नवऱ्याच्या खोलीवरून गेली. दादा त्या दिवशी घरूनच काम करत होता. आतून त्याचं हसणं ऐकू आलं, मीटिंगमध्ये कोणीतरी विनोद केला असावा. त्याला व्यत्यय नको म्हणून वहिनीने आवाज खाली केला, दार हळूच ओढून घेतलं आणि गेली. ते दुसरं दार ठोठावावं, मुलाच्या बापाला अर्धा तास मागावा, असं तिच्या मनातही आलं नाही.

ठोंब्या झोपला नाही. मुलाखत सुरू झाली आणि बारकीच्या बंद दारावर त्याचे तळहात बसायला लागले. आधी "आत्ता, आत्ता" अशी आत्याला हाक, मग रडणं, मग श्वास कोंडणारं रडणं. पडद्यावर एक बाई आणि एक गृहस्थ होते. बाई समजूतदार होत्या. "घेऊन या त्याला, आमची हरकत नाही," म्हणाल्या. बारकीने त्याला मांडीवर घेतलं. त्याची लाळ निळ्या शर्टावर पसरली.

"तुमचं बाळ?"

"नाही, भावाचं."

"घरात दुसरं कोणी नाही का?"

ती "नाही" म्हणणार, तोच भिंतीपलीकडून दादाचं हसणं आलं.

"आहेत. पण कामात आहेत."

तरी तिने बाकीच्या प्रश्नांची उत्तरं चांगली दिली. मुलं नव्या शाळेत रुळत नाहीत तेव्हा आधी काय करावं, हे तिला कुठल्याही पुस्तकापेक्षा ठोंब्याने जास्त शिकवलं होतं. पडद्यावर दोघांनी मान डोलावली. मग शेवटचा प्रश्न आला. "निवड झाली तर पंधरवड्यात रुजू व्हावं लागेल. याल?"

या एका उत्तराची तर तिने सगळ्यात जास्त तयारी केली होती. पण ठोंब्याने आपलं तापलेलं तोंड तिच्या मानेत खुपसलं, एक हुंदका दिला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी... घरी विचारून सांगते."

समोरची दोघं हसली. हसून विषय मिटवतात तशी. बारकीला तिथेच कळलं.

तिला कोणीही जाऊ नकोस म्हटलेलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती.

नकार आला तेव्हा वहिनी नुकतीच कामावरून आली होती. बारकी कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "झालं नाही माझं." आणि पहिल्या क्षणाला वहिनीच्या छातीवरचा दगड उतरला. आता ही जाणार नाही, ठोंब्याला पाळणाघर नको. दुसऱ्या क्षणाला आपल्याला काय वाटलं ते तिच्या ध्यानात आलं आणि ती घाईने बोलली.

"जाऊ दे गं, अशा कितीतरी संस्था..."

"सुटलीस ना, वहिनी?"

बारकी हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर वहिनीला उत्तर देता आलं असतं.

त्याच संध्याकाळी वहिनीने नवऱ्याला विचारलं, "तिची मुलाखत होती तेव्हा तू घरात होतास ना?"

"होतो. पण मला कोणी सांगितलं का काही?"

"नाही सांगितलं. माझ्या डोक्यातच आलं नाही. पण तुझं मूल दार बडवून रडत होतं, तुझ्या डोक्यात का आलं नाही?"

दादाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "मला वाटलं, बारकी आहे."

"मलाही तेच वाटलं," वहिनी म्हणाली आणि खाली बसली.

बारकी त्या आठवड्यात गेली. मैत्रिणीच्या खोलीवर राहून मिळेल ते काम शोधणार होती. जाताना तिने ठोंब्याला उचलून घेतलं नाही, नुसता त्याच्या पावलाला हात लावला, जणू उचललं असतं तर पुन्हा राहावं लागलं असतं. पुढचे काही दिवस त्या घराने फार वाईट काढले. ठोंब्या बारकीच्या अंथरुणाच्या जागेवर जाऊन झोपायचा. घास भरवला की ओठ मिटायचा. दादाने लंगोट उलटा बांधला, दूध उतू घालवलं, एका मीटिंगमध्ये मूल कडेवर घेऊन बसला आणि साहेबाने भुवया उंचावल्या तर म्हणाला, "माझाच आहे, सर." वहिनीने पाळणाघर शोधलं. पहिले काही दिवस तिथल्या फाटकाबाहेर बाकावर बसून राहिली, प्रत्येक रडण्याला उठून उभी राहिली, परत बसली.

मध्येच एकदा बारकीचा फोन आला. "जेवतो का गं तो?"

"जेवतो आता. बारके, मला माफ..."

"माफीबिफी नको, वहिनी. वर्ष परत मिळवून देता आलं तर बघ," बारकी म्हणाली आणि स्वतःच हसली. वहिनीला हसता आलं नाही.

मग सासूबाईंचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"अगं, काळजी करू नकोस. तुझ्या चुलतसासऱ्यांच्या धाकटीच्या परीक्षा झाल्यात. मोकळीच आहे ती. रविवारी पाठवून देते."

वहिनीच्या हातात ठोंब्याची वाटी होती. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, उद्या पुन्हा तपासणी होती, आणि एक हो म्हटलं की सगळं सोपं होणार होतं. तिला त्या हो-चा मोह झाला. खरंच झाला.

"नको, आई. तिला पाठवू नका."

"मग पोराला बघणार कोण?"

"आम्ही बघू. त्याला आईबाप आहेत."

"हो का? आता मुलगी घरी बोलावणं हा गुन्हा झाला? अगं, आमच्यात सगळ्यांनीच केलंय हे. मी स्वतः थोरल्या भावाकडे होते, त्याची तिन्ही मुलं माझ्याच हातावर वाढली. मला काय झालं?"

"तुमचं काय राहून गेलं, आई?"

  सासूबाईंचा आवाज आला, एरवीपेक्षा बराच हळू.

"नर्सिंगला नाव लागलं होतं माझं. भावाचं तिसरं पोर तेव्हा पाळण्यात होतं, मग राहिलं." मग त्या म्हणाल्या, "हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं गं."

त्या रविवारी कोणी आलं नाही. सासूबाईंनी चुलतघरी काय सांगितलं ते कळलं नाही, पण ती मुलगी आपल्या घरीच राहिली.

बारकीची संधी मात्र गेली ती गेली. वहिनीच्या कितीही पश्चात्तापाने ती परत येणार नाही. म्हणून हे वाचणाऱ्यांना एवढंच मागणं आहे. तुमच्या नात्यात कुठेतरी बाळ झालं असेल, आणि त्याच्यासाठी कोणीतरी एक मुलगी 'थोड्या दिवसांसाठी' जाऊन राहिली असेल. आठवून बघा, असेलच. आज तिला फोन करा. बाळाच्या आईला नाही, तिलाच. बाळ कसं आहे ते विचारू नका, ते सगळेच विचारतात. तिला काय करायचं होतं ते विचारा. ती "काही नाही हो, मजेत आहे," म्हणेल. तेव्हा लगेच फोन ठेवू नका.