दत्तोबाशेठच्या आबांचं कपाट

एकोणीसशे अडतीस साली लोणावळ्याच्या त्या वाचनालयात अकरा कपाटं होती आणि प्रत्येकावर एकेका देणगीदाराचं नाव ठसठशीत रंगवलेलं होतं. ज्याने पुस्तकं दिली त्याच्या कपाटात ती ठेवायची, हा तिथला रिवाज. मग वैद्यकाशेजारी नाटक येवो की नाटकाशेजारी कायदा. वाचणाऱ्याने आधी देणारा ओळखायचा आणि मग पुस्तक मागायचं! कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ग्रंथपाल हमीद अत्तारलाही वाटलं नव्हतं, आंदर मावळातले कोंडाजी येईपर्यंत. म्हातारा पहाटेपासून चालत आला होता. "बैलाच्या मांडीला सूज आलीया, भाऊ. त्येच्यावर कुटं काय लिवलेलं हाय का?" हमीदने संध्याकाळपर्यंत कपाटं उपसली. काही मिळालं नाही. म्हातारा हात हलवत परत गेला.

तीन आठवड्यांनी गुरांच्या रोगांवरचं पुस्तक एका वकिलाच्या कपाटात सापडलं, कायद्याच्या दोन जाडजूड ग्रंथांच्या मध्ये. सुजेवरचा इलाज त्यात होता. हमीद ते घेऊन कोंडाजींच्या गावी गेला, तेव्हा दावणीला एकच बैल उरला होता. पुस्तक आपल्याकडे असून आपण "नाही" म्हणालो, याची त्याला भयंकर लाज वाटली.

त्याने कंबर कसली. पुण्याच्या एका ग्रंथालयात त्याने पुस्तक शोधायच्या कार्डांचे खण पाहिले होते. कापडाच्या दुकानातून पुठ्ठे मागून आणले, एका मापाचे कापले आणि प्रत्येक पुस्तकाची दोन कार्डं लिहायला घेतली, एक लेखकाच्या नावाचं, एक विषयाचं. "आता माझ्या डाळीच्या डब्यांवरही चिठ्ठ्या लावा," हसिना, त्याची बायको, म्हणाली. "लावतो," तो म्हणाला आणि लिहीत राहिला. चार महिने लिहीत राहिला.

आता पुस्तकंही विषयवार लावायची होती, आणि तिथे घोडं अडलं. अध्यक्ष दत्तोबाशेठ लाकडाच्या वखारीचे मालक. सगळ्यात मोठं कपाट त्यांच्या दिवंगत वडिलांचं, आबांचं.

"आबांनी एकशे बारा पुस्तकं दिली, हमीदभाई. ती तुम्ही अकरा कपाटांत उधळणार? उद्या मी म्हटलं, माझे आबा दाखवा, तर काय दाखवाल?" शेठ चांगलेच तापले होते. "रविवारी सभा आहे. तोवर ही खटपट बंद करा, नाहीतर मी दुसरा ग्रंथपाल बघतो."

हमीदच्या अंगाचा तिळपापड झाला. पण घरी जाताना त्याला कबूल करावं लागलं की शेठचा प्रश्न खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने तिसरं कार्ड लिहायला घेतलं, देणाऱ्याच्या नावाचं.

रविवारी भरल्या सभेत त्याने एक गठ्ठा दत्तोबाशेठच्या पुढ्यात ठेवला. "हे तुमचे आबा. एकशे बारा. नोकरीचं नंतर ठरवा, आधी हे वाचा."

शेठ कपाळाला आठ्या घालून कार्डं उलटू लागले. शेती. पुराण. कायदा. मग त्यांचा हात थांबला. संगीत. पुन्हा संगीत. अशी नऊ कार्डं त्यांनी बाजूला काढली.

"ही आबांची नव्हेत."

"प्रत्येक पुस्तकावर त्यांची सही आहे."

"मी चौदा वर्षांचा होतो," शेठ हळूच म्हणाले. "माझी बाजाची पेटी आबांनी सरपणात टाकली. या घरात गाणं नको, म्हणाले." त्यांनी नऊ कार्डं पुन्हा मोजली. "दर दसऱ्याला मी या कपाटाला हार घालतो. आत काय आहे ते कधी पाहिलंच नाही."

हमीदला त्यांची कीव आली, पण तो मागे हटला नाही. "विषयवार लावू ना, शेठ?"

"लावा." मग त्यांनी त्या नऊ कार्डांपैकी एक पुढे केलं. "हे पुस्तक आज माझ्या नावावर लिहा."

हमीदने देवघेवीची वही उघडली. अध्यक्षांच्या नावाचं पान बावीस वर्षं कोरंच होतं.