उंच माणसांचं पाप

हळर्ण गावात धारेश्वर महाराजांसाठी घातलेल्या माटवात, म्हणजे मांडवात, मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पाण्याने भरलेलं तांब्याचं मोठं भाण, त्यातून निघालेली झेंडूची जाड माळ आणि माळेच्या टोकाला पितळी गोमुख. गोमुख डोक्यावर धरून उभं राहायचं. धार आली की देवाचा कौल मिळाला, नाही आली तर घरात दोष. धारेश्वर महाराज मात्र चौरंगावर मांडी ठोकून बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर पाणी धो धो कोसळत होतं.

"गंगामाईला पापाचा वास येतो बरं!" ते गरजले.

पेडण्यात शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या पल्लवीला भाणातली बारीक घरघर ओळखीची वाटली. शिवाय नापास झालेले सगळे उंच होते. बुटक्यांत एकही पापी निघाला नव्हता, आणि हळर्णचे बुटके ती चांगले ओळखून होती.

एवढ्यात तिच्या धाकट्या बहिणीचा, सोनालीचा नंबर आला. होणाऱ्या सासूनेच, चंद्रावतीबाईंनी, लग्नाआधी हा कौल मागितला होता. ताडमाड सोनालीने गोमुख डोक्यावर धरलं आणि धार आटली.

"दोष!" महाराज ओरडले.

"माझ्या झिलाक असली सून नको गो बाय," चंद्रावतीबाई म्हणाल्या. त्यांचा मुलगा दत्तप्रसाद खाली बघत राहिला. सोनालीला रडू फुटलं आणि पल्लवीचं डोकं फिरलं.

"सोनाली, खाली बस बघू."

सोनाली बसली. धार भळाभळा सुरू झाली.

"पाप खंय गेला, महाराज? आता तुम्ही उभे रवा!"

महाराजांना अचानक गुडघेदुखी आठवली. पल्लवीने माळ ओढली. फुलांतून नळी निघाली आणि नळीमागून वायरसकट माशांच्या टाकीतला पंप.

"गिऱ्हाइकां हीच चूक करतत," ती लोकांना म्हणाली. "तासाला किती लिटर, तेवढाच विचारतत. हो पंप पाणी रग्गड फिरवता, पण उंच चढवूक त्याका जोर नाय. उंच चढवूक दुसरो पंप लागता, धार बारीक पण वर ढकलणारो. महाराज मोठ्या धारेक भुलले. अरे, चमत्कार दिसलो तर हात जोडूच्या आधी वायर खंय जाता ती बघा! पोरीचो संसार मोडत होतो."

चंद्रावतीबाई ओशाळल्या. "चल गो सोनाली, झाला ता झाला. मुहूर्त काढूया."

सोनालीने डोळे पुसले आणि दत्तप्रसादकडे पाहिलं.

"तुझी आई फसली, ता समाजलंय," ती म्हणाली. "पण तू गप कित्याक रवलंस, ता आधी सांग."